द्रवांचे गुणधर्म आणि त्यांचे मापन
(मसुरे येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांत द्रवांच्या गुणधर्मांचा पाठ बहुधा एकाच तासिकेत उरकला जातो. द्रवाला ठराविक आकारमान असते, ठराविक आकार नसतो, तो उंचावरून सखलाकडे वाहतो, ही तीन वाक्ये फळ्यावर लिहिली जातात. मुले ती वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत जशीच्या तशी परत करतात. वाक्ये तिन्ही बरोबर आहेत. परंतु ती लिहिणाऱ्या मुलाला खोबरेल आणि पाणी यांत जड कोणते, असे विचारले, तर 'तेल जाड असते, म्हणून तेल जड', असे उत्तर पुष्कळदा मिळते. त्याच मुलाच्या घरी देवापुढील निरांजनात आणि माशांच्या सांबाऱ्यावर तेल रोज तरंगत असते. ते त्याने पाहिलेले असते, पण त्याचा विचार केलेला नसतो.

'जड' आणि 'जाड' या दोन शब्दांत एका मात्रेचे अंतर आहे. विज्ञानात मात्र ते दोन अगदी वेगळे गुणधर्म आहेत. जडपणा म्हणजे घनता आणि द्रवाचा जाडपणा म्हणजे त्याची वाहण्यातील अनिच्छा, तिला शास्त्रीय भाषेत श्यानता म्हणतात. हा भेद शब्दांनी समजावून देणे कठीण, पण मोजून दाखविणे सोपे असते. म्हणून या पाठाचा खरा प्राण व्याख्येत नसून मोजण्यात आहे.

या कामी मसुरे गावाइतकी अनुकूल जागा क्वचितच सापडेल. सह्याद्रीत उगम पावणारी गड नदी कणकवलीवरून वाहत येऊन येथे समुद्राच्या भरतीला भेटते आणि पुढे कालावलची खाडी होऊन अरबी समुद्राला मिळते. खाडीच्या एका बाजूस भरतगड व समोरच्या बाजूस भगवंतगड उभा आहे. गोडे पाणी, मचूळ पाणी आणि खारे पाणी ही तिन्ही येथील मुलाला पाठ्यपुस्तकात शोधावी लागत नाहीत. नारळाचे तेल, कोकमाचे आगळ, काकवी आणि दूध ही तर प्रत्येक घरी असतात. प्रयोगशाळा तयारच आहे. तिच्यात मोजपट्टी, तराजू आणि घड्याळ यांची तेवढी भर घालावयाची आहे.

१. जड आणि हलके

एखाद्या पदार्थाच्या ठराविक आकारमानात किती वस्तुमान सामावले आहे, यावरून त्याची घनता ठरते. ती काढण्याची सर्वांत प्रामाणिक रीत म्हणजे बाटलीची. घट्ट झाकणाची एक स्वच्छ बाटली घ्यावी. ती रिकामी असताना वजन करावी, मग काठोकाठ पाण्याने भरून वजन करावी आणि नंतर कोरडी करून तेलाने भरून वजन करावी. समजा, रिकामी बाटली २०० ग्रॅम, पाण्यासह ७०० ग्रॅम आणि खोबरेलासह ६६० ग्रॅम भरली. याचा अर्थ, ज्या जागेत ५०० ग्रॅम पाणी मावते त्याच जागेत ४६० ग्रॅम तेल मावते. ४६० ला ५०० ने भागले असता ०.९२ येतात. हेच खोबरेलाचे विशिष्ट गुरुत्व, अर्थात पाण्याच्या तुलनेत त्याचा जडपणा. हाच आकडा पाण्यापेक्षा कमी म्हणून तेल तरंगते. मग ते दिसावयास कितीही 'जाड' असो.

हा हिशेब वर्गाबाहेरही उपयोगी पडतो. एक लिटर पाणी म्हणजे जवळजवळ एक किलो, ही गोष्ट मुलांना पाठ असते. त्यावरून एक लिटर तेलही एक किलो असेल असे ती धरून चालतात. वस्तुतः एक लिटर खाद्यतेलाचे वजन ९१० ते ९२० ग्रॅमच्या सुमारास असते. दुकानातील एका पिशवीवर लिटर आणि दुसरीवर किलो लिहिलेले असेल, तर कोणती स्वस्त हे ठरविण्यास घनता माहीत असावीच लागते. ज्या मुलाने बाटलीचा प्रयोग स्वतः केला आहे, ते मूल बाजारातून येताना आईबरोबर हा हिशेब करील. विज्ञानाचा पाठ घरापर्यंत पोचल्याची याहून चांगली खूण कोणती?

प्रत्येक वेळी तराजू मांडणे सोयीचे नसते, म्हणून तरंगणाऱ्या साधनाची युक्ती निघाली. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतका द्रव बाजूस सारते, हे आर्किमिडीजचे तत्त्व इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले आहे. त्यावरून असे निघते की, एकच वस्तू जड द्रवात कमी बुडते व हलक्या द्रवात अधिक बुडते. किती बुडाली हे पट्टीवर वाचले की घनता कळते. या साधनाला हायड्रोमीटर म्हणतात.

शाळेसाठी ते फुकटात होते. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. त्याचा सर्वत्र सारख्या जाडीचा, सुमारे तीस सेंटिमीटर लांबीचा सरळ तुकडा कापून घ्यावा. खालचे टोक मेणाने बंद करावे, आत थोडी कोरडी वाळू घालावी, वरचे टोकही बंद करावे आणि बाहेरून मेणाचा पातळ हात द्यावा, म्हणजे देठ पाणी पिणार नाही. मोठ्या बाटलीचा वरचा भाग कापून केलेल्या उंच भांड्यात विहिरीचे गोडे पाणी भरून हा देठ उभा तरंगू द्यावा. बरोबर वीस सेंटिमीटर बुडेल इतकी वाळू कमीजास्त करून त्या ठिकाणी खूण करावी. आता हाच देठ समुद्राच्या पाण्यात साडेएकोणीस सेंटिमीटरच बुडतो, कारण समुद्राच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व सरासरी १.०२५ असते आणि २० ला १.०२५ ने भागले असता सुमारे १९.५ येतात. पाच मिलिमीटरचा हा फरक शेवटच्या बाकावरील मुलालाही दिसतो. मोठ्या जहाजांच्या कुशीवर भाररेषेच्या खुणा काढतात, त्यांत गोड्या पाण्याची खूण समुद्राच्या पाण्याच्या खुणेहून वर असते. कारण तेच जहाज नदीत शिरले की अधिक बुडते. सॅम्युएल प्लिमसोल याच्या खटपटीने १८७६ साली ब्रिटनमध्ये ही रेषा कायद्याने आवश्यक झाली आणि अतिभाराने बुडणाऱ्या जहाजांवरील खलाशांचे संरक्षण झाले. देठावरील खूण आणि जहाजावरील खूण यांमागील नियम एकच आहे.

दूध तपासण्याचा लॅक्टोमीटर हाही हायड्रोमीटरच होय. त्यावर २८ हा आकडा दिसला, तर दुधाचे विशिष्ट गुरुत्व १.०२८ आहे असे समजावयाचे. दुधात पाणी घातले की आकडा उतरतो. परंतु येथे शिक्षकाने एक गोष्ट अवश्य सांगावी. साय हा दुधातील सर्वांत हलका भाग आहे. ती काढून घेतली की उरलेले दूध अधिक जड होते व आकडा चढतो. मग त्यात बेताने पाणी घातले की आकडा पूर्ववत् होतो. अशा रीतीने दोनदा लबाडी केलेले दूध लॅक्टोमीटरपुढे निर्दोष ठरते. म्हणून संकलन केंद्रांवर घनतेबरोबर स्निग्धांशही तपासतात. एक साधन एकच प्रश्न विचारते; त्याच्या उत्तरावरून दुसऱ्या प्रश्नाचा निकाल देऊ नये, हा धडा मुलांना येथेच मिळावा.

२. खाडी, विहीर आणि मीठ

पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी खाडीत जोराने येते. ते हलके असल्याने वरून वाहते आणि भरतीचे खारे पाणी जड असल्याने तळाशी पाचरीसारखे आत सरकते. पावसाळा संपून नदीचा ओघ मंदावला की भरतीचे खारे पाणी आणखी आत चढते. एकाच ठिकाणचे पाणी भरतीला व ओहोटीला, आश्विनात व वैशाखात, पृष्ठभागावरून व तळाशी घेतले, तर देठाची खूण निरनिराळ्या ठिकाणी येईल. तळचे पाणी काढण्यासाठी बाटलीला दगड बांधावा, तोंडाला बूच लावावे, बुचाला दुसरी दोरी बांधावी आणि बाटली तळाशी गेल्यावर ती दोरी ओढावी. हे काम मोठ्या माणसानेच करावयाचे. मुलांना खाडीच्या पाण्यात उतरू देऊ नये.

मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग बांधावयास घेतला व १६६७ साली तो पुरा झाला. चोहोबाजूंनी खारे पाणी असताना किल्ल्याच्या आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे. विहिरीला 'बाव' म्हणणाऱ्या मुलांनी ती नावे ऐकलेलीच असतात. सहलीत त्यांनी ते पाणी चाखलेलेही असते. त्याला चमत्कार म्हणून सोडून देण्याऐवजी शिक्षकाने घनतेकडे बोट दाखवावे. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि खालच्या जड खाऱ्या पाण्यावर हलक्या गोड्या पाण्याचा थर होऊन राहतो. गोडे पाणी १ आणि खारे १.०२५ धरले, तर समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असल्यास तिच्याखाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असू शकते, असा हिशेब निघतो. वाळूच्या बेटांवर हे प्रमाण बरेचसे लागू पडते. खडकाळ बेटावर भेगांच्या रचनेप्रमाणे ते बदलते. तत्त्व मात्र तेच राहते.

या हिशेबाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. वरचा थर एक मीटरने उपसला, तर खालचे खारे पाणी चाळीस मीटरपर्यंत वर चढू शकते. किनाऱ्यालगतच्या व खाडीकाठच्या विहिरींवर पंप बसवून बेसुमार उपसा केल्यास विहीर मचूळ का होते, याचे कारण या एका भागाकारात आहे. खारे झालेले पाणी पुन्हा गोडे होण्यास किती पावसाळे लागतील, हे कोणास सांगता येत नाही. हे ज्ञान गावातील उद्याच्या शेतकऱ्याला आणि उद्याच्या सरपंचाला आज शाळेत मिळाले पाहिजे.

तथापि पपईच्या देठाने विहिरीच्या पाण्याचा निकाल देऊ नये. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आणि दुसरे पाणी नसल्यास २००० मिलिग्रॅम, असे भारतीय मानक सांगते. दोन ग्रॅम क्षारांनी देठाची खूण अर्ध्या मिलिमीटरनेही हलत नाही. म्हणजे देठ 'गोडे' म्हणेल तेव्हाही पाणी पिण्यास अयोग्य असू शकते. रोगजंतूंविषयी तर देठ काहीच सांगत नाही. तेथे पाण्याचा नमुना आरोग्य खात्यामार्फत प्रयोगशाळेत पाठविणे हाच मार्ग होय.

क्षार दाखविण्याची एक साधी रीत मात्र शाळेत करता येते. एक लिटर पाणी शिक्षकाने मंद आचेवर आटवावे व तळाशी राहिलेला क्षार सोनाराच्या काट्यावर तोलावा. आटविण्याचीच ही क्रिया शिरोड्याच्या मिठागरांत सूर्य करीत आला. १९३० साली याच शिरोड्यास मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागरातील पाणी आटत जाते तसतसे त्याचे विशिष्ट गुरुत्व वाढते व ते सुमारे १.२ झाले की मिठाचे खडे धरू लागतात. अँत्वान बोमे या फ्रेंच रसायनज्ञाने अठराव्या शतकात केलेल्या मापनपट्टीवर हा आकडा सुमारे २५ अंश येतो.

शेतकरीही घनतेचा उपयोग करतो. पेरणीपूर्वी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचे बियाणे ओततात. पोचट दाणे तरंगतात, ते काढून टाकतात. तळाशी बसलेले भरीव दाणे दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवितात व पेरतात. मृगापूर्वी हा प्रयोग शाळेच्या अंगणात केला, तर वडीलमंडळीही तो पाहावयास थांबतील.

३. वाहण्याचा वेग

आता 'जाड' या शब्दाकडे वळावयाचे. काकवी वाकड्या बाटलीतूनही सावकाश उतरते, पाणी मात्र क्षणात सांडते. वाहताना द्रवाचे थर एकमेकांवरून सरकतात आणि एकमेकांना अडवितात; ही अडवणूक म्हणजे श्यानता. तिच्या 'पॉइझ' या एककाचे नाव झां पॉयझय या फ्रेंच वैद्याच्या स्मरणार्थ आहे. शरीरातील बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसे वाहते, या प्रश्नातून त्याने बारीक नळ्यांतील प्रवाहाचे नियम शोधिले. वीस अंश सेल्सियसला पाण्याची श्यानता सुमारे पॉइझचा शंभरावा भाग असते. एरंडेलाची त्याच्या सुमारे हजारपट.

वर्गात यासाठी करवंटी पुरे. तिच्या डोळ्याला सारखे बारीक भोक पाडून ती पाण्याने भरावी आणि रिकामी होण्यास किती सेकंद लागतात ते मोजावे. मग तेल, मग काकवी. अथवा उंच पेल्यात काकवी भरून तीत सायकलचा छर्रा सोडावा व तो तळ गाठण्यास किती वेळ घेतो ते पाहावे. नंतर तेच तेल किंचित कोमट करून पुन्हा मोजावे. वेळ घटलेला आढळेल. उष्णतेने द्रवाची श्यानता उतरते. लग्नघरी घंगाळात सोडावयाचे घटिकापात्रही भोकातून आत येणाऱ्या पाण्यावरच चोवीस मिनिटांची घटका मोजीत असे. मच्छीमारी नौकांच्या इंजिनात घालावयाच्या तेलाच्या डब्यावर जो आकडा असतो, तोही श्यानतेची प्रत सांगणारा आहे. सारांश, तेल पाण्याहून हलके आहे आणि तरीही पाण्याहून जाड आहे, या दोन्ही गोष्टी मुलाने आता स्वतः मोजलेल्या असतील.

४. द्रवाचा पृष्ठभाग

ओहोळाच्या संथ पाण्यावर लांब पायांचे किडे न बुडता चालतात. कोरडी सुई अलगद आडवी ठेवली तर तीही पाण्यावर राहते. पाण्याचे कण एकमेकांस आत ओढतात, त्यामुळे पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. यास पृष्ठताण म्हणतात. साबणाचा एक थेंब पडला की ताण ढळतो आणि सुई बुडते.

हा ताण मोजण्याची सोपी रीत थेंब मोजण्याची आहे. ड्रॉपरने एक मिलिलिटर पाणी थेंबाथेंबाने सोडावे व थेंब मोजावे. मग त्याच ड्रॉपरने साबणाचे पाणी सोडावे. ताण कमी असला म्हणजे थेंब लहानच सुटतात, म्हणून त्यांची संख्या वाढते. यातून पालकांच्याही उपयोगाची एक गोष्ट निघते. निरनिराळ्या औषधांचा थेंब सारख्या मापाचा नसतो. म्हणून लहान बाळाला औषध द्यावयाचे ते त्या औषधाबरोबर आलेल्या मापानेच द्यावे. चमच्याच्या व थेंबांच्या अंदाजाने देऊ नये.

जर्मनीत ब्राउनश्वाइक शहरी आग्नेस पोकेल्स नावाची स्त्री राहत असे. स्त्रियांना उच्च शिक्षण दुर्लभ असलेल्या त्या काळात आईवडिलांची शुश्रूषा व घरकाम सांभाळून तिने पत्र्याच्या पन्हळीसारख्या भांड्यात पाण्याचा पृष्ठताण मोजला. आपले निष्कर्ष तिने इंग्लंडमधील शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांस कळविले आणि त्यांच्या शिफारशीने ते १८९१ च्या मार्च महिन्यात 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. साधनांच्या अभावाची सबब पुढे येते तेव्हा ही हकीगत आठवावी, आणि वर्गातील मुलींना तर ती आवर्जून सांगावी.

५. गोठणे आणि उकळणे

खोबरेल चोवीस-पंचवीस अंश सेल्सियसच्या सुमारास गोठते. म्हणून पौषातील पहाटे बाटलीत थिजलेले तेल दुपारी आपोआप पातळ होते. पाणी समुद्रसपाटीवर शंभर अंशांना उकळते, असे पुस्तक सांगते. पण हे वाक्य अपुरे आहे. हवेचा दाब कमी झाला की पाणी लवकर उकळते. उंची तीनशे मीटर वाढली की उत्कलनांक सुमारे एका अंशाने उतरतो. मालवणच्या किनाऱ्यावर शंभर अंशांना उकळणारे पाणी, सुमारे सातशे मीटर उंचीवरील आंबोलीस अठ्ठ्याण्णव अंशांच्या किंचित खालीच उकळते. उलट, कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढविला की पाणी एकशेवीस अंशांच्या सुमारास उकळते आणि डाळ लवकर शिजते. एकाच जिल्ह्यात पाणी निरनिराळ्या अंशांना उकळते, हे ऐकून मूल थक्क होते आणि 'का' असे विचारते. तो प्रश्न यावा यासाठीच हा पाठ आहे.

६. मोजणाऱ्याची शिस्त

मापनात थोडी शिस्त आवश्यक असते. पाण्याच्या कडेपाशी वर चढलेला भाग न धरता मधली पातळी वाचावी व वाचताना डोळा त्याच पातळीवर ठेवावा. प्रत्येक माप तीनदा घेऊन सरासरी काढावी. तपमान नोंदल्याविना घनतेचा वा श्यानतेचा आकडा लिहू नये, कारण दोन्ही उष्णतेने बदलतात. अनोळखी द्रव चाखू नये व हुंगूही नये. आच आणि उकळते पाणी शिक्षकाच्याच हाती असावे.

शेवटची सूचना शिक्षकासाठी आहे, आणि ती सर्वांत अवघड आहे. एखादा विद्यार्थी भाद्रपदात खाडीचे पाणी मोजतो, त्याची खूण १९.७ सेंटिमीटरवर येते आणि तो १.०१५ असे उत्तर लिहितो. पुस्तकात समुद्राच्या पाण्यासाठी १.०२५ छापलेले असते. अशा वेळी लाल शाईने तो आकडा खोडून 'बरोबर' आकडा लिहिण्याचा मोह होतो. तो आवरावा. मुलाने पावसाळ्यातील खाडी मोजली आहे आणि तिच्यात गड नदीचे गोडे पाणी मिसळले आहे. त्याचा आकडा त्या दिवसापुरता पुस्तकाहून खरा असू शकतो. शंका वाटल्यास पुन्हा मोजावयास सांगावे, पण खोडू नये. एकदा आकडा खोडला की मूल पुढच्या वेळी देठ पाण्यात सोडण्यापूर्वीच पुस्तक उघडते, आणि मग सारे साहित्य असूनही वर्गातील विज्ञान संपते.

प्रत्येक शाळेने एक जाड कागदाचा तक्ता करून भिंतीवर लावावा. त्यावर महिना, भरती किंवा ओहोटी, खाडीच्या पाण्याचे माप, शाळेच्या विहिरीतील पाण्याची खोली व पाण्याचे तपमान एवढे पाच रकाने असावेत आणि दरमहा एका गटाने ते भरावेत. वर्षाअखेर तो तक्ता ग्रामसभेस दाखवावा. भरतगडाच्या पायथ्याशी मोजावयास शिकलेली ही मुले उद्या आपल्या गावच्या पाण्याचा हिशेब स्वतः ठेवू शकतील.